पटावरचा हचका

त्या उन्हाळ्यात अकोल्यात इतकं तापलं, की चौकातल्या सिग्नलचा लाल दिवा दुपारी फिका गुलाबी पडायचा आणि थांबावं की निघावं हे न कळून माणसं जागच्या जागी वाळून जायची. भिंतींच्या सावल्या उन्हाला कंटाळून घरात येऊन बसत, आणि संध्याकाळी त्यांना हुसकून बाहेर काढावं लागे. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं मे महिन्यात भर दुपारी अकोल्याला उतरावं, आणि जिभेला तेवढा ओलावा उरलाच तर परत जाऊन खुशाल तसं सांगावं.

अशा एका दुपारी जठारपेठेतल्या गावंड्यांच्या घरात वाळ्याचा कूलर घरघरत होता. त्याच्या गार, सुगंधी वाऱ्यासमोर बसायचा मान मात्र घरातल्या कुणा माणसाला नव्हता. तो होता कॉम्प्युटरला. अविनाश गावंडे बाजूला बसून घाम पुसत होता. त्याच्या शेजारी त्याची बायको ज्योत्स्ना ओढणीच्या टोकानं वारा घेत होती. दोघांच्या हातात कंट्रोलर होते आणि समोर पडद्यावर दोन बैलजोड्या धूळ उडवत सुसाट पळत होत्या.

"हाण रे भोपळ्या! दोडक्या, झोपला का?" ज्योत्स्ना ओरडली.

भोपळ्या आणि दोडक्या ही तिची जोडी. तुफान आणि वादळ ही अविनाशची. खेळाचं नाव होतं 'पट'. अमरावतीच्या दोन बहिणींनी तो शंकरपटावरून, म्हणजे विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीवरून, तयार केला होता. ज्या घरांतून बैल जाऊन पिढी लोटली होती त्या घरांतही तो शिरला होता. कंट्रोलरवर डाव्या हाताशी डाव्या बैलाचा कासरा आणि उजव्या हाताशी उजव्याचा. दोन्ही हात सारखे चालले तर छकडा सरळ पळणार. एक हात मागे पडला की त्या बाजूचा बैल मागे पडणार, आणि छकडा वळून थेट बघ्यांच्या अंगावर जाणार.

शेवटची झेंडी दिसू लागली. दोन्ही जोड्या खांद्याला खांदा लावून होत्या. तेवढ्यात हचका बसला. पडदा क्षणभर थिजला, बैलांचे पाय हवेत, धूळ हवेत. चित्र पुन्हा हललं तेव्हा तुफान आणि वादळ झेंडीपलीकडे पोचले होते.

"जिंकलात!" ज्योत्स्नानं कंट्रोलर मांडीवर टाकला.

"जिंकलो ते ठीक आहे गं. पण हा हचका? अजून आहेच!" अविनाशनं कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, जसं एखादा बाप पाहुण्यांसमोर नाकात बोट घालणाऱ्या पोराकडे पाहतो. "माझ्या घरच्या मशीनला हचका! अर्ध्या अकोल्याला कळलं तर तोंड कुठं लपवू?"

बढाई वाटेल, पण अर्ध्या अकोल्याचे कॉम्प्युटर खरोखरच या माणसानं जोडलेले होते. तरुणपणी त्यानं आणि त्याचा दोस्त फिरोजनं मिळून सायबर कॅफे चालवला, नंतर फिरोजनं दुकान टाकलं आणि अविनाश घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बांधू लागला. आता तो जमाना सरला होता. लोक दूर कुठल्या तरी भल्यामोठ्या इमारतीतलं मशीन तासाच्या भाड्यानं घेत, पडदा तेवढा घरी. घरी स्वतःचा कॉम्प्युटर ठेवणं म्हणजे पिशवीत दूध मिळत असताना अंगणात गाय बांधण्यासारखं झालं होतं. अविनाशनं ही गाय हौसेनं पाळली होती.

मागच्या दिवाळीनंतर त्याच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. जीव वाचला, वाचाही वाचली, उजवा हात तेवढा गेला. प्रोसेसर अलगद खाचेत बसवणारा तो हात ताटलीतली पोळीही मोडेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "काका, पहिल्या वर्षात या हाताकडून जेवढं काम करून घ्याल तेवढा तो तुमचा. नंतर तो कुणाचं ऐकत नाही." त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. अविनाशनं तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला आणि भिंतीकडे तोंड करून जो झोपला, तो उठायचं नाव घेईना. पोरीचे बंगलोरहून फोन येत. तो भिंतीशीच बोले.

शेवटी एका दुपारी ज्योत्स्नानं त्याला हाताला धरून बसवलं, मांडीवर कंट्रोलर ठेवला आणि म्हणाली, "मला हरवून दाखवा. मग झोपा पाहिजे तेवढं."

पहिले कित्येक दिवस वादळ जागचा हलला नाही आणि अविनाशचा छकडा रोज बघ्यांत शिरला. त्या खेळातल्या बघ्यांनी पुढं पुढं त्याची जोडी दिसताच झाडावर चढायला सुरुवात केली, असं तो नंतर सांगायचा. मग हळूहळू छकडा सरळ पळू लागला, आणि एक दिवस तो चक्क जिंकला. त्या दिवसापासून घर बदललं. तो स्वतः दाढी करू लागला, डाव्या हातानं का होईना. दुपारचे दोन वाजले की कंट्रोलर पुसून तयार. उजव्या हाताचा अंगठा हलू लागला, पाठोपाठ दोन बोटं. दोघांनाही मनातून पक्कं ठाऊक होतं: हा खेळ चालू आहे तोवर हात चालू आहे. खेळ सुटला, की हात सुटला.

आणि जिंकणं खरं होतं याबद्दल अविनाशला तिळमात्र शंका नव्हती, कारण समोर ज्योत्स्ना होती. मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळाची शिक्षिका, त्याआधी विद्यापीठाची खो-खोपटू. पोटच्या पोरीला तिच्या वाढदिवशी कॅरममध्ये रडेपर्यंत हरवणारी बाई ती. मुद्दाम हरणं हा प्रकार तिच्या अंगात बसवायचा देवाला राहून गेला होता.

म्हणून प्रश्न फक्त हचक्याचा होता.

आता तो हचका समजायचा तर 'चाहूल' समजली पाहिजे. त्या काळच्या खेळाच्या कॉम्प्युटरांत चाहूल नावाची एक चिप असे. कोपऱ्यावरचा चहावाला कसा, तुम्ही गल्लीच्या वळणावर दिसताच तुमचा कमी साखरेचा चहा गाळायला घेतो. तुम्ही पोचता आणि कप तयार. चाहूल तेच करायची. बोट हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूकडे विजेचा एक बारीक निरोप निघतो. कंट्रोलरच्या मुठीत बसवलेल्या पट्ट्या तो निरोप तळहाताशीच टिपत. त्यात तुमच्या हाताच्या जुन्या सवयी मिसळून चिप ओळखायची की आता हा कासरा ओढणार, आणि पुढचं चित्र आधीच काढून ठेवायची. म्हणून खेळ माणसाच्या इच्छेइतका चपळ चाले. पण एखाद्या दिवशी तुम्ही चहावाल्याला म्हणालात, "आज कॉफी," तर त्याला गाळलेला चहा ओतून देऊन पुन्हा पातेलं चढवावं लागतं. चाहूलचा अंदाज चुकला की तीही काढलेलं चित्र फाडून नवं काढायची. ते फाडणं म्हणजेच हचका.

चाहूलचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकलाच तर मशीन तापलंय, धूळ बसलीय किंवा कुठला तरी सांधा सैल झालाय, असं अविनाशचं शास्त्र सांगत होतं.

"उघडू या," पहिल्यांदा हचका बसला तेव्हाच, कूलर अजून माणसांकडे असताना, तो म्हणाला होता. "तू माझा उजवा हात हो."

मग दुपारी खेळाआधी दोघं कॉम्प्युटर उघडून बसू लागले. तो डाव्या हातानं पेचकस टेकवायचा, ती फिरवायची. पंखे काढले तर त्यांत कापसाचे तंतू न् तंतू गुंतलेले, जिनिंगांच्या गावात दुसरं काय निघणार.

"बाप्पा! यात तर जावयाची गादी भरून होईल," ज्योत्स्ना म्हणाली.

पंखे साफ झाले. त्या दुपारी हचका आला, पण अर्ध्या पटावर यायचा तो जरा पुढं सरकला.

"पाह्यलं? फरक पडला!" अविनाशनं मिशीवरून हात फिरवला.

मग रॅमचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासले. हचका आणखी थोडा पुढं गेला. मग प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावायची ठरली.

"किती घालू?"

"वरणावर तूप घालतेस तेवढी."

"तुमच्या वरणावर, की माझ्या?"

"तुझ्या. माझ्या वरणावर घालतेस तेवढ्यात मुंगीही बुडायची नाही."

तिनं हसत हसत थेंबभर पेस्ट लावली. वर पंखा पुन्हा बसवून दाबताना तिच्या बोटांवर त्यानं आपला उजवा तळहात ठेवला. तो तळहात टिकला. दोघंही त्याकडे न पाहता प्रोसेसरकडे पाहत राहिले.

असं करता करता हचका पार शेवटच्या झेंडीपर्यंत ढकलला गेला, आणि तिथं मात्र हटून बसला. मग अविनाशनं शेवटचा उपाय म्हणून कूलरच कॉम्प्युटरसमोर लावला. तरी झेंडी आली की हचका यायचाच. आणि हचक्यानंतर जिंकायचा अविनाशच.

शेवटी त्यानं फिरोजला फोन लावला.

फोनवर सगळं ऐकून फिरोज आधी कूलरवरच भडकला. "अबे अव्या, कॉम्प्युटरले वाळ्याचा वारा? पाण्याचा? त्याच्या अंगावर शेवाळ धरन ना बे! आधी तो कूलर फिरव भाभीकडं."

"फिरवतो. पण हचक्याचं सांग."

"कच्ची चित्रं जपून ठेव. चाहूल जी चित्रं फाडते ना, ती तशीच ठेवायची सोय असते. ते चालू कर, दोन-चार पट खेळा. मंग मी येतो न् पाहतो कुठं माशी शिंकते ते."

फिरोज आला त्या दिवशी ज्योत्स्ना भाचीच्या लग्नाला मूर्तिजापूरला गेलेली होती. डोक्यावर ओला पंचा, त्यावर छत्री अशा थाटात तो घरात शिरला, कूलर माणसांकडे तोंड करून आहे याची खात्री केली, दोन ग्लास पाणी प्यायला आणि खुर्ची ओढून बसला.

"लाव कालचा पट."

अविनाशनं लावला. पडद्यावर कालचीच शर्यत पुन्हा पळू लागली. फाडलेली चित्रं तिच्यावर पुसट, दुधी रंगात दिसणार होती. बराच वेळ काही दिसलं नाही. तुफान, वादळ, भोपळ्या, दोडक्या, चौघं सरळ पळत होते. शेवटची झेंडी जवळ आली आणि भोपळ्या-दोडक्यांच्या अंगातून अचानक एक दुधी जोडी बाहेर पडली. ती पुढं झेपावली, तुफान-वादळला मागं टाकून झेंडीखालून निघून गेली आणि विरघळली. खरे भोपळ्या-दोडक्या मागेच होते. तुफान-वादळ जिंकले.

"आँ?" फिरोज पुढं वाकला. "आधीचा लाव."

आधीच्यातही तेच. त्याआधीच्यातही. जागा दर वेळी थोडी वेगळी, कधी झेंडीच्या हातभर अलीकडं, कधी चार हात अलीकडं, पण प्रत्येक वेळी ती दुधी जोडी ज्योत्स्नाच्या बैलांतून निघायची, जिंकायची आणि नाहीशी व्हायची.

फिरोज खदखदून हसला. "काय नखरे आहेत मशीनचे! भाभीचे बैल भूत बनून..." आणि मधेच थांबला. अविनाशकडं पाहून त्यानं डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"बोल," अविनाश म्हणाला.

"तुले समजलं ना बे. मी कायले बोलू?"

"तूच बोल."

फिरोजनं पंच्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "चाहूल चुकत नाही आहे, अव्या. भाभीच्या हातात कासरा ओढायचा निरोप निघते. चाहूल चित्र काढते. मंग भाभी हात आवरते. चित्र फाटते. रोज वेगळ्या जागी आवरते, म्हणून चाहूलले तिची सवय धरता येत नाही." मग तो हळूच म्हणाला, "भाभी न् मुद्दाम हरते! माह्या तर डोळ्यांवर इस्वास बसत नाही."

अविनाशनं डाव्या हातानं पडदा बंद केला.

"पाह्य, मी चाहूलच बंद करून देतो," फिरोज घाईनं म्हणाला. "खेळ जरा सुस्त चालन, पण हचका दिसणार नाही. तुले नाही, तिले नाही. जसं चाललं तसं चालू दे. काय बिघडलं?"

"राहू दे."

"अव्या, कंट्रोलर सोडू नको बरं. हातासाठी सांगतो."

"राहू दे म्हटलं ना फिरोज. जा तू, पंचा ओला आहे तोवर निघ."

ज्योत्स्ना संध्याकाळी लग्नातली बुंदी घेऊन परतली, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडलेला होता.

"बरं नाही का?"

"उन्हानं डोकं चढलंय."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं कंट्रोलर पुसून आणला. तो म्हणाला, नको. तिसऱ्या दिवशीही नको. फिरोजभाई येऊन काय म्हणाले, या प्रश्नाला "मशीन जुनं झालं" एवढंच उत्तर मिळालं. ती कंट्रोलर घेऊन थोडा वेळ पलंगाशी उभी राही, मग तो जागेवर ठेवून देई. खोलीत फक्त कूलर बोले. तिसऱ्या दिवशी जेवताना अविनाशनं उजव्या हातानं पाण्याचा ग्लास धरून पाहिला, आणि जी दोन बोटं मागच्या आठवड्यात त्याभोवती वळली होती ती ताठ, सरळ राहिली. ज्योत्स्नानं ते पाहिलं. ती ताट घेऊन उठली आणि ओट्याशी पाठमोरी बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. धुवायला एवढं काही नव्हतं.

अविनाश भिंतीकडं वळला. भिंतीच्या रंगात एक पोपडा सुटला होता; त्याच्याकडं पाहत तो स्वतःला शिव्या देत होता. जिंकलो! म्हणे जिंकलो! पोरीला फोन करून सांगायचो, तुझ्या आईला आज पुन्हा लोळवली. आणि ती ऐकत बसायची, तोंडावर ओढणी धरून. हसत असेल. की हसत नसेल? तिनं उभ्या जन्मात कुणाला एक गुण सोडला नव्हता, आणि ती रोज, दर दुपारी, जिंकायला आलेला हात आवरत होती. त्याला राग यायचा होता. तो आणू पाहत होता. पण तो नीट पेटत नव्हता. मधेच काहीतरी खटकत होतं.

जन्मभर मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला एक खोड असते. सगळ्या गोष्टींचा उलगडा झाला आणि एक उरली, तर त्याला झोप लागत नाही. पंखे साफ केले तेव्हा हचका पुढं सरकला. खोडरबरानं घासलं, तेव्हा आणखी पुढं. पेस्ट लावली तेव्हा पार झेंडीपाशी. पण हचका जर ज्योत्स्नाच्या हातात होता, तर पंख्यातल्या कापसाचा त्याच्याशी काय संबंध?

काहीच नाही. कापसानं, खोडरबरानं, पेस्टनं काहीही झालं नव्हतं. मग सरकलं काय?

तो पलंगावर उठून बसला. सरकली होती ती जागा, जिथं तिला हात आवरावा लागत होता. आधी अर्ध्या पटावरच ती एवढी पुढं असायची, की तिथूनच थांबत थांबत यावं लागे. मग थोडं पुढं. मग आणखी पुढं. आता शेवटच्या झेंडीपर्यंत तिला आवरावं लागतच नव्हतं. तिथपर्यंत भोपळ्या-दोडक्यांच्या बरोबरीनं तुफान आणि वादळ स्वतःच्या पायांनी पोचत होते. वादळसुद्धा. उजवा बैल.

चौथ्या दिवशी दोनच्या ठोक्याला कंट्रोलर त्यानंच पुसले.

"खेळायचं?" ज्योत्स्नानं विचारलं. तिच्या आवाजात बाळाला झोपेतून उठवताना असते तशी जपणूक होती.

"खेळायचं."

त्यानं मनात बेत केला होता. बेत सरळ होता: आज मी हरणार. खूप दिवस घेतलं, एक दिवस तरी परत द्यावं. आणि तिला कळूही द्यायचं नाही.

पट सुरू झाला. तीन दिवसांच्या सुट्टीनं उजवा हात जड झाला होता, वादळ आधी रडतखडत पळाला, मग लागला मार्गाला. ज्योत्स्ना नेहमीसारखी ओरडत होती, पण बैलांपेक्षा तिचं लक्ष त्याच्या बोटांकडं होतं. झेंडी जवळ आली. अविनाशनं कासरे ओढणं थांबवून दोन्ही हात आवरले. त्याच क्षणी ज्योत्स्नानंही आपले आवरले.

हचका. मग आणखी एक. मग असे काही हचके लागोपाठ बसले, की चाहूलनं आयुष्यभरात फाडली नसतील एवढी चित्रं त्या एका मिनिटात फाडली. पडद्यावरची धूळ बसली तेव्हा दोन्ही छकडे झेंडीच्या हातभर अलीकडं उभे होते. चारही बैल रवंथ करत होते. बघे गप्प. खेळातला भोंगेवाला गडबडून ओरडू लागला, "काय झालं राजेहो? बैल उपोषणाले बसले का?"

"जा ना पुढं," ज्योत्स्ना म्हणाली.

"तू जा."

"तुमचे बैल पुढे आहेत."

"तुझे तेवढेच पुढे आहेत. जा."

"माझा हात दुखतोय."

"माझाही दुखतोय. माझा तर खराच दुखतोय."

ज्योत्स्नानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो पडद्याकडं पाहत होता, पण खेळात हरणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला नीट करता आला नव्हता. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तीस वर्षं ती शाळेत, पायात गोळा आल्याचं सोंग करणाऱ्या पोरी पकडत आली होती.

"फिरोजभाई काय म्हणाले?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणाला, भाभी भारी खेळते."

कंट्रोलर तिच्या हातातून घरंगळून गादीवर पडला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला वाटलं होतं तुम्हाला कधी कळायचं नाही. मला वाटलं, कळलं तर तुम्ही पुन्हा भिंतीकडं तोंड कराल."

"केलं की. तीन दिवस केलं."

"मग उठलात कशाला?"

त्यानं तिला हचक्याचं सरकणं सांगितलं, कापूस, खोडरबर, वरणावरचं तूप, सगळं. ती ऐकत गेली तशी तिच्या तोंडावरची बोटं एकेक करून खाली आली.

"सुरुवातीला," ती म्हणाली, "मी एका हातानंच दोन्ही कासरे सांभाळायचे. दुसऱ्या हातानं भाजी निवडायचे. तरी तुम्ही हरायचात."

"खोटं!"

"मेथी निवडली आहे मी, शपथ! वादळ बसून असायचा नुसता. मग आवरत आवरत यावं लागायचं. मग हळूहळू मेथी सुटली. आता तर शेवटपर्यंत मला दम लागतो हो. त्या दिवशी, फिरोजभाई यायच्या आदल्या दिवशी, मला वाटलं तुम्ही खरंच पुढं आहात."

"वाटलं, की होतो?"

"ते मी कसं सांगू? मी थांबले होते ना!"

पडद्यावर एका बैलानं शेपूट उडवलं. कोण पुढं होतं ते ठरवायची, खरं खेळण्यावाचून दुसरी सोय कुठंच नव्हती, ना फिरोजच्या दुकानात, ना त्या चिपमध्ये, ना फिजिओथेरपीच्या बाईंकडं.

"मग खेळ," अविनाश म्हणाला. "खरं."

"हरलात तर?"

"हरलो तर हरलो."

"पुन्हा भिंतीकडं..."

"ज्योत्स्ना, खेळतेस की मेथी आणू?"

तिनं डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि मांडी घालून ताठ बसली. अविनाशनं तिला असं बसलेलं फार दिवसांनी पाहिलं, आणि घाईनं उजव्या तळहाताचा घाम गुडघ्याला पुसून घेतला. हरण्याच्या भीतीची चवही तो विसरून गेला होता.

झेंडी पडली. भोपळ्या आणि दोडक्या असे सुटले, की त्यांच्या मागच्या धुळीनं मूर्तिजापूरपर्यंत अंधार झाला असावा. "हाण! अरे ये ना, ये ना मागं मागं! पोचतोस का?" ज्योत्स्ना किंचाळत होती, खेळात शिरली की तिचं अहो-जाहो संपे. अविनाश ओठ चावून बैल पळवत होता. वादळ फुरफुरत होता, अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जात होती, घामानं मूठ निसटत होती. अर्ध्या पटावर तो दोन छकडे मागं होता. वळणावर एक. झेंडी दिसू लागली तेव्हा तुफानचं तोंड भोपळ्याच्या शेपटीशी होतं, मग पोटाशी, मग मानेशी.

आणि भोपळ्या-दोडक्या झेंडीखालून निघून गेले. शिंगभर अंतरानं. एकही हचका न बसता, पाण्यासारखं सरळ.

"जिंकले!" ज्योत्स्ना उडी मारून उठली, दोन्ही हात वर करून खोलीभर नाचली, कूलरला धडकली. "जिंकले, जिंकले, लोळवला! बंगलोरला फोन लावते!" आणि मग एकदम थबकली. हात तसेच वर राहिले. तिनं वळून पाहिलं.

अविनाश आपल्या उजव्या हाताकडं पाहत होता. बोटं कंट्रोलरभोवती घट्ट वळलेली होती, चारही, आणि सोडू म्हटलं तरी लगेच सुटत नव्हती. तो हसत नव्हता. खरोखर हरलेल्या माणसाचा चेहरा होता तो, लालबुंद, चिडलेला.

"बस खाली," तो म्हणाला.

"अहो, पाणी तरी पिऊ द्या!"

"पाणी मागाहून. पाणी प्यायला गेलीस की ताजीतवानी होऊन येशील. मला सगळं कळतं."

"दम लागलाय मला!"

"लागू दे," अविनाश म्हणाला, आणि त्याच्या उजव्या अंगठ्यानं नवा पट सुरूही करून टाकला.